मिसरूड फुटलेल्या मुलाचा एक चांगला जोड



समारंभाचे निमंत्रण आले की घरात पहिला प्रश्न उभा राहतो तो कपड्यांचा. लहान मुलांचे कसेही निभावते. थोरांचा एखादा ठेवणीतला कपडा असतोच. अडते ते तेरा ते अठरा वर्षांच्या मुलापाशी. गेल्या वर्षीची पँट घोट्याच्या वर चढलेली असते. वडिलांचा शर्ट खांद्यावरून ओघळतो आणि चुलतभावाचा छातीत आवळतो. या वयात मुलाला स्वतःच्या दिसण्याची जाणीव पहिल्यांदा होते आणि नेमक्या याच वयात त्याला नीट बसेल असा कपडा घरात नसतो.

त्यात हल्ली नवे शब्द आले आहेत. मोबाईलवर निमंत्रण येते आणि खाली एक ओळ असते : 'ड्रेस कोड सेमी कॅज्युअल'. आमच्या वस्तीतील दहावीच्या एका मुलाला वर्गमित्राच्या वाढदिवसाचे असेच निमंत्रण आले. मित्र चांगला, अभ्यासाला दोघे एकत्र बसणारे. वाढदिवस मोठ्या सोसायटीच्या हॉलमध्ये होता. मुलगा दोन दिवस गप्प गप्प होता आणि त्या संध्याकाळी पोटात दुखते म्हणून पांघरूण घेऊन पडून राहिला. चार घरी स्वयंपाकाची कामे करणाऱ्या त्याच्या आईला खरे कारण आठवड्याने कळले. ती माझ्या पत्नीला म्हणाली, "वहिनी, मला नुसतं बोलला असता, तर कामावरून उचल घेऊन ड्रेस आणला असता की हो!"

मला दोन्ही गोष्टींचे वाईट वाटले. मुलगा गेला नाही याचे, आणि आईने त्यासाठी उचल घेतली असती याचेही. कारण त्या निमंत्रणाला लागणारे कपडे त्या घरात होते. शाळेची निळी पँट होती, मोठ्या भावाचा आकाशी शर्ट होता, शाळेचे काळे बूट होते. त्या शब्दाचा अर्थ सांगणारे तेवढे कोणी नव्हते. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

शब्द मोठा, अर्थ साधा

'सेमी कॅज्युअल' या शब्दाला भिण्याचे कारण नाही. कोट-टाय नको आणि घरातली हाफ पँट व गंजीफ्रॉकही नको. या दोहोंच्या मधला नीटनेटका पोशाख, इतकाच त्याचा अर्थ आहे. कॉलरचा शर्ट किंवा कॉलरचा टी-शर्ट, पूर्ण लांबीची पँट आणि स्वच्छ बूट, एवढे असले की पुरे.

आपल्याकडचे बहुतेक समारंभ याच प्रकारात मोडतात. मित्राचा वाढदिवस, मावसबहिणीचा साखरपुडा, भाच्याचे नामकरण, नव्या घराचा गृहप्रवेश, शाळेचा निरोप समारंभ, दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचा गुणगौरव, शेजारच्या काकांच्या सेवानिवृत्तीचा कार्यक्रम. यांतल्या प्रत्येकासाठी वेगळा ड्रेस घेत बसलो तर कोणत्याही पगारदाराचा पगार पुरणार नाही. एक पँट, दोन शर्ट आणि एक बुटांचा जोड यांत हे सारे समारंभ निभावतात. मात्र हा जोड विचाराने केलेला हवा.

कपड्यांवर एवढे लिहायचे कशाला?

काही कार्यकर्ते मित्र म्हणतील, समाजापुढे एवढे प्रश्न उभे असताना मुलाच्या पँट-शर्टावर काय लिहायचे? त्यांनी आपला इतिहास आठवून पाहावा. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी मेलेल्या माणसांची वस्त्रे वापरावीत असा नियम आहे. म्हणजे अंगावर काय घालावे हे माणसाने स्वतः ठरवायचे नाही, ते त्याच्या जन्मावरून दुसऱ्यांनी ठरवायचे. गावगाड्यात तेच चालत आले. प्रेतावरचे कापड हा आपल्या वाडवडिलांचा 'हक्क' म्हणून सांगितला गेला आणि मालकाघरची उतरलेली धडुती ही कृपा म्हणून.

महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी आपल्या माय-भगिनींशी वेगळे बोलणे केले. त्यात लुगडे कसे नेसावे, अंगावरचे जड दागिने का टाकून द्यावेत, इतक्या बारीक गोष्टी त्यांनी सांगितल्या. ज्या खुणांवरून आपली जात ओळखली जाते त्या खुणा टाका. वस्त्राला ठिगळे असली तरी हरकत नाही, पण ते स्वच्छ असू द्या, असा त्या सांगण्याचा आशय होता. आपल्या आज्या-पणज्यांनी ते लगेच अमलात आणले. एवढ्या मोठ्या लढ्याच्या धामधुमीत ज्यांना लुगड्याचा विचार करावासा वाटला, त्यांनी कपड्याला क्षुल्लक मानले नव्हते.

मुंबईच्या गिरणी कामगारांच्या नातवंडांना आणखी एक गोष्ट माहीत असावी. गिरण्यांत आपली माणसे सूतकताईच्या खात्यात राबत होती. पण जास्त मजुरीच्या विणाईखात्यात त्यांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि इतर कामगारांना त्याचा विटाळ होई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे पुढे आणला. ज्या कापडाचे सूत आपल्या हातांनी काढले, ते विणण्याची आपल्याला मुभा नव्हती. अशा घरातला मुलगा आज दुकानात जाऊन आपल्या पसंतीचे कापड निवडतो, ही लहान गोष्ट नव्हे.

पण याच इतिहासातून दुसरेही एक शिकायचे आहे. पूर्वी आपला पोशाख गावाने ठरवला. आज तो दुकानाच्या काचेने आणि मोबाईलवरच्या जाहिरातीने ठरवावा काय? चारचौघे हसतील या भीतीने उधारीवर घेतलेला कपडा हासुद्धा दुसऱ्याने अंगावर चढवलेलाच कपडा असतो. आपण काय घालायचे हे आपली ऐपत, आपली सोय आणि प्रसंग पाहून आपणच ठरवायचे. मुलाला हे ठरवायला शिकवणे हा त्याच्या शिक्षणाचाच भाग आहे.

पँट आणि शर्ट

आधी पँट. गडद निळा, राखाडी, कॉफी किंवा काळा, यांपैकी एक रंग घ्यावा. या रंगांवर कोणताही शर्ट जातो आणि मळ चटकन दिसत नाही. टेरिकॉटची पँट टिकाऊ असते व तिची इस्त्री लवकर मोडत नाही. सुती पँट उन्हाळ्यात बरी वाटते. मुलाला जीन्सच हवी असेल तर नाही म्हणू नये. गडद रंगाची, साधी, न फाटलेली जीन्स अशा समारंभांना चालते.

शाळेची पँट गडद रंगाची आणि पूर्ण लांबीची असेल तर तीच वापरावी. तिच्यावर शाळेचा शर्ट घातला तर गणवेश दिसतो, रंगीत शर्ट घातला तर समारंभाचा पोशाख होतो. तसेच शाळेच्या पांढऱ्या शर्टावर शाळेचे बोधचिन्ह नसेल तर जीन्सवर तो उत्तम दिसतो. गणवेशाची लाज वाटण्याचे कारण नाही. शाळेत जाता येते याची ती खूण आहे.

शर्ट दोन असावेत. एक पांढरा किंवा आकाशी, एक बारीक चौकड्यांचा. चमकणारे कापड, छातीवर मोठे चित्र, पाठीवर वाघ-सिंह असे शर्ट एकदा-दोनदा मौजेचे वाटतात, पण प्रत्येक फोटोत तेच दिसतात. साधा शर्ट कोणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून तो पुन्हा पुन्हा घालता येतो. टी-शर्टावर इंग्रजी मजकूर असेल तर घेण्यापूर्वी त्याचा अर्थ कोणाला तरी विचारावा. अंगावर अश्लील वाक्य घेऊन आजीच्या शेजारी जेवायला बसलेली मुले मी पाहिली आहेत, आणि त्या बिचाऱ्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

किमतीच्या चिठ्ठीपेक्षा शिवण पाहावी. कापड मुठीत आवळून सोडावे. सुरकुत्या तशाच राहिल्या तर घरी इस्त्रीचा ताप होणार. शर्ट उजेडाकडे धरून विरळपणा पाहावा. बटणे ओढून पाहावीत, काजांचे दोरे सुटलेले नाहीत ना ते बघावे. नामांकित कंपनीच्या नावाची हुबेहूब नक्कल छापलेला शर्ट घेऊ नये. पैसे छापलेल्या नावाचे जातात आणि कापड दोन धुण्यांत विरते.

माप हीच खरी शोभा

महाग कपडा बेताल बसला तर तो मागून आणल्यासारखा दिसतो. स्वस्त कपडा अंगाला बसला तर शोभतो. शर्टाची खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यावी, दंडावर उतरू नये. गळ्याचे बटण लावल्यावर आत दोन बोटे जावीत. पूर्ण बाही मनगटाच्या हाडाशी संपावी. शर्ट आत खोचायचा असेल तर दोन्ही हात वर करून पाहावे. तो बाहेर निघत असेल तर लांबीला कमी आहे. पँटची मोहरी बुटावर टेकावी, पण जमिनीवर लोळू नये.

आणि एक परीक्षा दुकानातच घ्यावी. मुलाला मांडी घालून बसायला सांगावे, वाकून उठायला सांगावे. आपले निम्मे समारंभ सतरंजीवर होतात. विहारात वंदनेला बसावे लागते, पंगतीत जेवावे लागते. कंबरेखाली उतरणारी, मांडीला आवळणारी पँट घालून मुलगा तासभर चुळबुळत राहतो आणि मग भिंतीशी जाऊन उभा राहतो. लोकांना वाटते मुलगा शिष्ट आहे. बिचाऱ्याची पँट त्याला बसू देत नाही, एवढेच कारण असते.

या वयात उंची झपाट्याने वाढते. कपडा शिवून घेत असाल तर शिंप्याला मोहरीला दोन-अडीच इंच आणि मागच्या शिवणीत इंच-दीड इंच माया ठेवायला सांगावे. सहा-आठ महिन्यांनी थोड्या पैशांत पँट पुन्हा मापाची होते. दोन वर्षे पुरावी म्हणून आजच दोन मापे मोठा कपडा घेऊ नये. तो आज ढगळ दिसतो, आणि मापात येईपर्यंत त्याचा रंग उडालेला असतो.

मोठ्या भावाचा कपडा धाकट्याने वापरण्यात काही वावगे नाही. फक्त तो तसाच अंगावर टाकू नये. शिंप्याकडून खांदे, बाही, कंबर मापात करून घ्यावी, जुनी बटणे बदलावीत. मालकाघरच्या उतरलेल्या धडुत्यात आणि भावाच्या शर्टात मोठा फरक आहे. एक नाइलाजाने घ्यावे लागत असे. दुसरे घरच्या काटकसरीने आणि प्रेमाने आलेले असते. हा फरक मुलाला समजावून सांगितला, तर तो शर्ट घालताना त्याचे मन खट्टू होत नाही.

बूट, मोजे आणि बाकीचे

शाळेचे काळे बूट आदल्या रात्री पॉलिश केले की समारंभाचे बूट होतात. कापडी पांढरे बूटही चालतात, पण ते पांढरे असले पाहिजेत. बूट संध्याकाळी घ्यावेत, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे फुगलेले असतात आणि माप खरे मिळते. पुढे अंगठ्यासमोर थोडी मोकळी जागा असावी. बूट नसतील तर बंद असलेली, स्वच्छ पुसलेली सँडल घालावी. रबरी चप्पल मात्र टाळावी.

मोजे ही सर्वांत दुर्लक्षित वस्तू. बाहेर बूट घातलेले असतात म्हणून आत काय आहे ते कोणी पाहत नाही असे मुलांना वाटते. पण विहाराच्या पायरीशी आणि पाहुण्यांच्या दाराशी बूट काढावे लागतात. तेथे भोकातून अंगठा बाहेर डोकावला किंवा वास सुटला की वर केलेला सगळा थाट फुकट जातो. गडद रंगाचे दोन जोड ठेवावेत आणि एकदा घातलेले मोजे धुतल्याशिवाय पुन्हा घालू नयेत.

पट्टा बुटांच्या रंगाचा असावा. पांढऱ्या शर्टाखाली पांढरेच बनियन घालावे. रंगीत बनियन बाहेरून दिसते. नखे कापलेली, केस विंचरलेले असावेत. अत्तराचा फवारा अंघोळीच्या जागी चालत नाही. घामावर अत्तर मारले की दोन्ही वास एकत्र होऊन शेजारच्याला उठून जावेसे वाटते.

फाटक्या जीन्सविषयी दोन शब्द. ती फॅशन आहे हे मला मान्य आहे आणि मित्रांबरोबर फिरायला जाताना कोणी घातली तर मी बोलणार नाही. पण घरच्या समारंभाला घालण्यापूर्वी मुलाने एकदा आजीशेजारी बसावे आणि ती तरुण असताना तिच्याकडे किती लुगडी होती ते विचारावे. तिने दंड घालून, ठिगळ लावून जे आयुष्यभर झाकले, ते आपण पैसे देऊन उघडे करतो आहोत. एवढे ऐकल्यावर निर्णय मुलाने स्वतः घ्यावा.

प्रसंग पाहून

विहारातील कार्यक्रमाला पांढरा किंवा फिकट रंगाचा शर्ट चांगला. लग्नातही तोच चालतो. चैत्र-वैशाखात, म्हणजे जयंती आणि बुद्धपौर्णिमेच्या दिवसांत, विदर्भ-मराठवाड्यात ऊन भाजून काढते. त्या मंडपात मुलाला जॅकेट-ब्लेझर चढवणे ही शिक्षाच आहे. सुती शर्ट, हव्या तर बाह्या कोपरापर्यंत दुमडून, पुरेसा आहे. पावसाळ्यात फिकट पँट टाळावी. गुणगौरव समारंभात मुलाला व्यासपीठावर जायचे असते, फोटो निघतो, तेव्हा शर्ट आत खोचून पट्टा लावावा. मित्राच्या वाढदिवसाला तोच शर्ट बाहेर सोडला तरी चालतो, फक्त तो खाली मांडीपर्यंत लांब नसावा.

अलीकडे लग्नात सगळ्या मुलांनी एकसारखे कुर्ते घालायचे, हळदीला पिवळे, संध्याकाळी वेगळे, अशी टूम निघाली आहे. वर्गणी काढली जाते. ज्याच्या घरी पैसे नाहीत तो मुलगा आपोआप फोटोबाहेर उभा राहतो, किंवा लग्नालाच येत नाही. वधू-वरांच्या घरच्यांना माझे सांगणे आहे की, एकसारखेपणाची हौस असेल तर रंग असा सांगा जो प्रत्येकाच्या घरी आहे. 'सर्वांनी पांढरा शर्ट घालून या' म्हटले तर कोणाचाही खिसा कापला जात नाही आणि फोटोही देखणा येतो. आपल्या लग्नांत पांढऱ्या रंगाला मान आहेच.

कारकुनी हिशेब

मी कॉमर्सचा विद्यार्थी आणि पोटाला कारकून. म्हणून एक हिशेब मांडतो. समजा, पँटला ८०० रुपये आणि दोन शर्टांना मिळून १,००० रुपये लागले. बूट शाळेचेच. एकूण खर्च १,८०० रुपये. दीड वर्षात हा जोड ३० वेळा घातला गेला, तर एका वेळेचा खर्च ६० रुपये पडला. आता समजा, एका लग्नासाठी २,५०० रुपयांचा कुर्ता-जॅकेटचा झगमगीत सेट घेतला. तो दोनदा घातला गेला आणि मग मुलाला आखूड झाला. एका वेळेचा खर्च १,२५० रुपये. कोणता कपडा महाग, ते आता तुम्हीच सांगा.

दुकानात किंमत पाहताना तिच्यापुढे हा प्रश्न ठेवावा : हा कपडा मुलगा किती वेळा घालील? आणि हे सर्व एकाच महिन्यात घेण्याची गरज नाही. बूट जूनमध्ये शाळेबरोबर घेतले जातात. पँट दिवाळीच्या बोनसमध्ये बसते. शर्ट हंगाम संपताना लागणाऱ्या सेलमध्ये मिळतो. मोबाईलवर 'आता घ्या, नंतर फेडा' म्हणणाऱ्यांपासून सावध राहावे. हप्ता चुकला की दंड लागतो, आणि शर्ट विरला तरी हप्ता राहतो. निमंत्रण अचानक आले तरी घरात एक जोड तयार असेल, तर उचल घेण्याची वेळ येत नाही.

खर्च मांडताना मुलगीही मुलाच्या रांगेतच हवी. मुलगा तोंड पाडून बसतो म्हणून त्याला नवा शर्ट आणि मुलगी समजूतदार आहे म्हणून तिला मावशीचा जुना ड्रेस, असे अनेक घरांत चालते. समजूतदारपणाची ही शिक्षा तिला देऊ नये. या वेळी एकाला, पुढच्या वेळी दुसरीला, असे उघडपणे ठरवावे.

ज्याचा कपडा, त्याची देखभाल

समारंभाच्या दिवशी मुलगा अंघोळीला जातो आणि बहीण त्याच्या शर्टाला इस्त्री करते, हे दृश्य आपल्या घरांतून आता जायला हवे. समतेची भाषणे ऐकून येणाऱ्या मुलाला स्वतःची कॉलर घासता आली पाहिजे. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला या गोष्टी सहज शिकता येतात. नवा गडद कपडा पहिल्या दोन वेळा वेगळा धुवावा. कॉलर आणि बाहीच्या टोकांना आधी साबण चोळावा, मग कपडा भिजवावा. घामेजलेला शर्ट तसाच कोंबून ठेवू नये. डाग पिवळे पडून बसतात. कपडा उलटा करून सावलीत वाळत घालावा, रंग टिकतो. सुती शर्टाला किंचित ओलसर असतानाच इस्त्री करावी, टेरिकॉटला इस्त्री मंद ठेवावी. घरी इस्त्री नसेल तर इस्त्रीवाल्याकडे एक शर्ट देण्याइतके पैसे आधीच बाजूला काढावेत. सुई-दोरा घेऊन बटण लावणे हे मुलाचेही काम आहे.

दहा बाय बाराच्या खोलीत कपाट नसते, हे मला ठाऊक आहे. तेथे खिळ्याला हँगर लावून त्यावर हा जोड टांगावा आणि वरून जुन्या चादरीची पिशवी शिवून घालावी. नाहीतर धुतलेल्या शर्टालाही फोडणीचा वास लागतो. घर लहान असणे हा आपला दोष नाही, पण एक खिळा आणि एक पिशवी आपल्या हातात आहे.

मुलांनो, थोडे तुमच्याशी

तुमच्यापैकी काही जण म्हणतात, बाबासाहेब सूट घालत होते, मग आम्ही का नाही? जरूर घाला. पण बाबासाहेबांचा सूट पाहताना त्याच्या मागची वर्षेही पाहा. १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला शिकताना हाच माणूस पोटाला चिमटा काढून जुनी पुस्तके विकत घेत होता. पुढे बॅरिस्टर, प्राध्यापक, मंत्री म्हणून ज्या ठिकाणी ते उभे राहिले, तेथे तो पोशाख शोभला. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा घेताना तेच बाबासाहेब पांढऱ्या धोतरात आणि पांढऱ्या कोटात होते. प्रसंग ओळखून पोशाख करणे त्यांच्याकडून घ्यावे.

निमंत्रणातला शब्द कळला नाही तर मित्राला सरळ विचारा, "तू काय घालणार आहेस?" यात कमीपणा नाही. तेथे गेल्यावर कोणी म्हणालेच, "ही शाळेची पँट ना?" तर "हो, शाळेचीच" असे हसून सांगा आणि पुढचे बोला. लपवणाऱ्याला लोक चिडवतात, मोकळेपणाने सांगणाऱ्याला चिडवण्यात त्यांना मजा येत नाही. आणि तुमच्या अंगावर नवा शर्ट असेल त्या दिवशी दुसऱ्याच्या जुन्या शर्टाला हसू नका. घरी पैसे नाहीत म्हणून एखादा मित्र येत नसेल तर त्याला आधी जाऊन सांगा, "मी साधाच शर्ट घालतोय, तूही चल." एका मुलाची संध्याकाळ एवढ्या बोलण्याने वाचते.

महिला मंडळांना एक सूचना

मुलांचे कपडे फाटण्यापूर्वीच आखूड होतात. प्रत्येक वस्तीत असे चांगले कपडे पेटीत पडून असतात. विहारात वर्षातून दोनदा, जूनच्या आधी आणि दिवाळीच्या आधी, महिला मंडळाने कपड्यांची अदलाबदल ठेवावी. प्रत्येकाने आपल्याकडचा न बसणारा पण धड कपडा धुऊन, इस्त्री करून आणावा आणि मापाचा दुसरा न्यावा. ज्याच्याकडे आणायला काही नाही त्याने मांडामांडीला हात लावावा. यात दाता कोणी नाही आणि याचक कोणी नाही. म्हणून फोटो काढू नये, नावे पुकारू नयेत, हारतुरे ठेवू नयेत. मुले स्वतः येऊन निवडतील अशी व्यवस्था असावी.

तोवर या रविवारी एवढे करा. मुलाला समोर बसवा, त्याचे सगळे कपडे खाली काढा, एकेक घालून पाहायला सांगा. बसणारे एकीकडे, शिंप्याकडे नेण्याचे दुसरीकडे, न बसणारे तिसरीकडे. बहुतेक घरांत एक जोड यातूनच निघेल. नाही निघाला, तर काय कमी आहे ते कागदावर लिहून ठेवा आणि तेवढेच घ्या.